चढणीचा मासा

१

नूबिया कास्तेयारचं प्रेत जलपर्णीच्या गुंत्यातून ओढून काठावर ठेवलं, तेव्हा जमलेल्या गर्दीतल्या एकाही माणसाने छातीवर क्रूस काढला नाही. एका म्हातारीने तेवढा डोक्यावरचा पंचा काढून तिच्या चेहऱ्यावर टाकला, तोही माश्या फार होत्या म्हणून.

सान रोकितो गावाचा या बाईवर राग होता, आणि तो उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी ती संगणक घेऊन गावात आली. मोराल तळ्यात किती चिखल, त्यावर किती शेवाळ, ते खाणारे मासे किती आणि माशांना खाणारे किती, असा सगळा हिशेब तिने त्या यंत्रात घातला आणि गावाला सांगितलं, "तळं, त्यातला खोल डोहसुद्धा, दोन वर्षं बंद ठेवा. जाळं टाकू नका, गळ टाकू नका. बोकाचिको मासा पूर्वीसारखा येईल." गाव त्या यंत्राला 'बाईचं डबीतलं तळं' म्हणे. थट्टा करत का होईना, गावाने शब्द दिला आणि पाळला. दोन वर्षं सरली. डबीतल्या तळ्यात मासा वाढत गेला आणि खऱ्या तळ्यात मात्र तो आलाच नाही.

प्रांताच्या तपास कार्यालयातून आमिंता रेबोयेदो तिसऱ्या दिवशी मोटारहोडीने उतरली. पन्नाशीची, अंगाने भारी, उन्हाला वैतागलेली बाई. तिचं बालपण याच माग्दालेना नदीच्या वरच्या अंगाला गेलेलं, त्यामुळे चिखलात पाय कसा टाकायचा हे तिला सांगावं लागलं नाही.

"होडी उलटली, बुडाली. यात तपास कसला?" धक्क्यावरच कुणीतरी म्हणालं.

"डोक्याच्या मागे जखम आहे," आमिंता म्हणाली. "दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, आधी फटका बसला, मग पाणी पोटात गेलं."

"खोडावर आपटली असेल."

"त्या डोहात खोड आहे कुठे?"

उन्हाळ्यात मोराल तळ्यात होडीने शिरायला एकच वाट उरते, ती म्हणजे नदीकडून येणारा अरुंद ओहोळ. बंदी झाल्यापासून त्याच्या तोंडाशी रात्रंदिवस गावाचा पहारा असे. त्या सकाळी पहाऱ्यावर ओनेइदा पालेन्सिया होती. तिने सरळ सांगितलं की आत गेली ती फक्त नूबिया. तिच्या आधी कुणी गेलं नाही, नंतर कुणी गेलं नाही, बाहेरही कुणी आलं नाही.

म्हणजे ओनेइदा खरं बोलत असेल, तर त्या बाईला मारू शकेल असं माणूस जगात एकच होतं. स्वतः ओनेइदा.

२

"बसा," ओनेइदा म्हणाली. "आरोप करायचा तर उपाशीपोटी करू नये म्हणतात. ऐकूही नये."

तिशीची, हाडकुळी बाई. चुलीवर माशाचा रस्सा रटरटत होता. त्यात युका कंदाचे तुकडे, हिरवं केळं आणि बोकाचिकोचे दोन जाड तुकडे. तिने थाळी आमिंतापुढे सरकवली आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"तू तिला भर सभेत शाप दिलास," आमिंता म्हणाली.

"दिला. म्हणाले, तुझ्याच तळ्यात बुडून मर. सगळ्या गावाने ऐकलं. कुणी हसलंसुद्धा. माझा नवरा मासेमार होता, बाई. तळं बंद झालं. वर्षभर कळ काढली. मग मागचा पूर ओसरला, तरी मासा दिसेना, तेव्हा तो डोंगरात सोन्याच्या खाणीवर गेला. दरड कोसळली. त्याला बाहेरही काढलं नाही त्यांनी. खाणीच्या तोंडाशी फळी ठोकली आणि पुढचं खणायला घेतलं. आता सांगा, मी काय तिला ओवाळायचं?"

"मग पहाऱ्यावर कशाला बसतेस?"

"माझी पाळी होती म्हणून. शब्द गावाने दिला होता, एकट्या तिने नाही."

आमिंताने चमचा तोंडात घातला. रश्श्यावर सोनेरी तेलाचे मोठे मोठे थेंब तरंगत होते. मासा जिभेवर विरघळत होता. लहानपणी या दिवसांत घरी रोज बोकाचिकोच असे, पण तिच्या आठवणीतला मासा नुसता काट्यांचा, कोरडा, लिंबू पिळून गिळावा लागणारा.

"तळं बंद, मग हा मासा कुठला?"

"डॉन गुमेर्सिंदोंचा." ओनेइदाचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "आमच्या मच्छीमार मंडळाचे अध्यक्ष. माणूस नाही, देव आहे. आठवड्यातून एकदा एकटा होडी घेऊन वरच्या अंगाला जातो, तिथल्या सोयऱ्यांकडून मासा आणतो आणि घरटी वाटतो. माझ्या घरी आधी. परवाही, इकडे त्या बाईला बाहेर काढत होतो आणि दुपारी त्यांची होडी मासा घेऊन आली. बिचाऱ्यांनी प्रेत पाहिलं आणि तिथेच मटकन खाली बसले."

आमिंताने थाळी रिकामी केली. "ओनेइदा, कुणीतरी अनोळखी माणूस आत जाताना दिसला, एवढं म्हणाली असतीस तर सुटली असतीस. का नाही म्हणालीस?"

"दिसला नाही म्हणून," ओनेइदा म्हणाली आणि थाळी उचलून घेतली.

दाराबाहेर पडल्यावर आमिंता जरा वेळ उभी राहिली. ही बाई खरं बोलत होती, याची तिला खात्री पटली होती. आणि तेच वाईट होतं. कारण मग मारणारा हवेतून आला असं म्हणावं लागत होतं.

३

नूबियाचा सहकारी फेर्मिन शाळेच्या एका खोलीत राहत होता. पोरगेला, चष्मेवाला, दाढी वाढलेली. तो कपाळाला हात लावून संगणकासमोर बसला होता.

"तिच्याशी तुमचं भांडण झालं होतं?"

"रोज व्हायचं," तो म्हणाला. "हे बघा. ही वरची रेघ म्हणजे आमच्या हिशेबाने डोहात जेवढे मोठे मासे असायला हवेत तेवढे. ही खालची म्हणजे खरोखर सापडतात तेवढे. दोन वर्षं या दोन रेघा एकमेकींपासून लांब लांब चालल्यात. मी म्हणत होतो, मासे आपल्या वाटतात त्याहून जास्त मरत असतील. रोगाने, उन्हाने, कशानेही. मरणाचा आकडा वाढवू, रेघा जुळतील. आमच्या मुख्य कार्यालयालाही तेच हवं होतं."

"आणि ती?"

"ती म्हणायची, रोगाने मेले तर लहानही मरतील. तळ्यात पिल्लं रग्गड आहेत, मोठेच तेवढे नाहीत. रोगाला जाळ्याच्या भोकाचं माप कळत नाही, फेर्मिन." तो हसायला गेला आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "शेवटी म्हणाली, तळं खोटं बोलत नाही. माणूस बोलतंय कुणीतरी. मी डोहावर जाऊन बसते. मी म्हटलं, बस जाऊन. एवढंच. सोबत गेलो नाही."

आमिंताने त्याला डोळे पुसू दिले.

"चोरून नेणारा कोण असेल, तिला संशय होता?"

"बाउदिलियो, बर्फखान्याचा मालक. तळं बंद झाल्यापासून त्याचा धंदा बसलाय. पण पुरावा नव्हता."

"मला एक सांगा. या दिवसांत मासा नदीने वर चढतो ना? आमच्या लहानपणी घाटावर झुंबड उडायची."

"हो, चढणीचा मासा. उन्हाळा लागला की तळ्यातून निघतो आणि नदीने वर जातो. सगळेच जात नाहीत. वाट चुकलेले खोल डोहात राहतात, तेच आम्ही राखत होतो. चढणीचा मासा मोठा जिद्दी. वाटेत एक घास खात नाही. तळ्याचा चिखल चाटून जी चरबी जमवलेली असते ती जाळत जातो. त्यामुळे आमच्या हिशेबात या दिवसांत माशाने वरच्या नदीत खाल्लेल्याची बेरीज शून्य." तो थबकला. "हे तुम्हाला कशाला सांगतोय मी?"

"सांगा. कुणाशी तरी बोलायला हवं तुम्ही."

ती उठली तेव्हा त्याने मागून हाक मारली. "बाई, पहारा असताना ती गेली आणि मेली. म्हणजे तो आधीपासून आत होता. तिला आत कुणीतरी भेटलं."

"ते मलाही कळलं," आमिंता म्हणाली. "पण मग तो बाहेर कुठून पडला?"

४

बाउदिलियो जाडजूड, सतत घाम पुसणारा माणूस होता. बर्फखान्याच्या अर्ध्या भागात बर्फ होता आणि उरलेल्यात रिकाम्या पेट्या.

"मीच मारली म्हणा," तो म्हणाला. "सगळे म्हणतायत. तळं उघडा म्हणून प्रत्येक सभेत बोंबलणारा मी. पण त्या सकाळी माझं जनित्र बंद पडलं होतं. शेजारच्या गावचा मिस्त्री आणि मी दोघंही काळे होऊन त्यात डोकं घालून बसलो होतो. विचारा त्याला. बर्फ वितळला असता तर गावाचा मासा सडला असता, आणि मग मला कुणीतरी मारलं असतं."

"गावाचा मासा म्हणजे?"

"गुमेर्सिंदो आणतो तो. उरलेला माझ्याकडे बर्फात ठेवतो. मी त्याचं काही घेत नाही बरं, उगाच पाप नको."

मागच्या पडवीत त्याची बायको फळीवर मासे चिरत होती. एक मासा उचलला, पोट फाडलं, आतडी बोटाने ओढून बादलीत टाकली. फळीवर काळा, ओला चिखल पसरला. तिने पाणी ओतून तो धुतला आणि दुसरा मासा घेतला.

आमिंता जागच्या जागी थांबली.

"हे परवा आलेले?"

"परवाचेच. गुमेर्सिंदोंचे," बाई म्हणाली. "कसे जाडे आहेत बघा! तेल तर असं सुटतं की वरून घालावंच लागत नाही."

"सुरी द्या इकडे."

आमिंताने बाह्या वर केल्या आणि बर्फातला एक मासा स्वतः फाडला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येकाची आतडी फुगलेली होती आणि त्यांत तोच काळा, मऊ, कुजक्या पानांच्या वासाचा चिखल होता. तिने तो दोन बोटांत चोळून पाहिला. बाउदिलियो घाम पुसायचा विसरून तिच्याकडे बघत राहिला.

"काय झालं बाई? खराब आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "फार चांगला आहे. तेच झालंय."

५

मोराल तळ्याच्या पलीकडच्या टोकाला म्हशीवाल्यांनी घातलेला मातीचा बांध आहे. बांधाच्या एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला नदी. होडी तिथून जात नाही, माणूस मात्र जातो. आमिंता आणि फेर्मिन दुपारी तिथे पोचले, तेव्हा बांधावर काळी गिधाडं बसून होती आणि चोचीने जमीन उकरत होती. त्यांना हुसकल्यावर म्हशींच्या खुरांच्या खळग्यांत माशांचे खवले चमकताना दिसले. ओल्या मातीवर पोती घसटत नेल्याची खूण होती. तळ्याच्या बाजूला जलपर्णीखाली एक छोटी होडी दडवलेली होती. तिच्यात जाळं होतं.

फेर्मिन ते जाळं हातात धरून खाली बसला. भोकं मोठी होती. पिल्लं निसटतील आणि मोठे अडकतील, एवढी.

"कोण?" त्याने विचारलं. आमिंता गावाकडे वळली.

गुमेर्सिंदो आर्रिएता घराच्या अंगणात जाळं विणत बसला होता. साठी उलटलेली, पांढरे केस, नांगरासारखे खांदे. त्याने उठून दोघांना खुर्च्या दिल्या, बायकोला काळी कॉफी करायला सांगितली.

"नूबियाला न्याय मिळवून द्या, बाई. माझ्या पोरीसारखी होती. गावात सगळ्यांच्या आधी मी तिच्या बाजूने उभा राहिलो. मीच गावाकडून शब्द घेतला."

"त्या सकाळी तुम्ही कुठे होतात, डॉन गुमेर्सिंदो?"

"वर. आदल्या संध्याकाळी निघालो. सोयऱ्यांनी पहाटे धारेत जाळी टाकली, मासा घेतला आणि निघालो. दुपारी पोचतो तो हे."

"धारेतला मासा. म्हणजे चढणीचा."

"या दिवसांत दुसरा कुठला असणार?"

"मी वरच्याच अंगाची," आमिंता म्हणाली. "आमच्याकडे हा मासा येतो तेव्हा वाळलेला असतो. एवढी वाट चढून आलेला, अंगात चरबी उरलेली नसते. ओनेइदाकडे मी तुमच्या माशाचा रस्सा खाल्ला. तेल तरंगत होतं. मला वाटलं, माझीच आठवण चुकत असेल. मग बर्फखान्यात तुमचे मासे फाडून पाहिले. चढणीचा मासा वाटेत काही खात नाही. तुमच्या माशांची पोटं चिखलाने गच्च भरलेली आहेत. तळ्याच्या चिखलाने."

जाळ्यातली सुई थांबली.

"तो मासा नदीत चढलाच नव्हता. म्हणजे तुम्हीही वर गेला नव्हता. ओनेइदाने खरं सांगितलं. ओहोळातून कुणी आत गेलं नाही, कारण तुम्ही ओहोळातून जातच नव्हता. मोटारहोडी बांधाखाली नदीत, छोटी होडी तळ्यात, मधे पोती. आणि डोहातले मोठे मासे दोन वर्षं कुठे जात होते, तेही त्याच पोत्यांत आहे. अजून काही विचारू?"

कॉफीच्या कपबशा घेऊन आलेली त्याची बायको दारात उभी राहिली.

"नको," गुमेर्सिंदो म्हणाला. "तू आत जा गं."

ती गेली नाही.

त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग बोलायला लागला, तेव्हा आवाज अगदी साधा होता, कुणाला बाजाराचा भाव सांगावा तसा.

"पहिल्या उन्हाळ्यात खरंच वर गेलो. सोयऱ्यांकडेच खायला नव्हतं. रिकाम्या हाताने परत येत होतो. धक्क्यावर पोरं उभी असायची, बाई. होडी दिसली की नाचायची. बांधापाशी आलो आणि मला पुढे जाववेना. म्हटलं, एकदाच. डोहात एवढा मासा आहे, एका पोत्याने काय होतंय? मग दुसऱ्या आठवड्यात पोरं परत उभी." त्याने तोंड पुसलं. "तळं उघडा म्हणायला तोंड नव्हतं. शब्द मीच घेतला होता. आणि बंद ठेवा म्हणायला पोट नव्हतं."

"लोक तिला शिव्या देत होते," फेर्मिन ओरडला. "दोन वर्षं! तुम्ही समोर बसून ऐकत होता!"

"ऐकत होतो."

"आणि त्या सकाळी?" आमिंताने विचारलं.

"मी जाळं ओढत होतो. होडी आली ते कळलंच नाही. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, 'डॉन गुमेर, तुम्ही?' एवढंच. रागावली नाही. ओरडली असती तर मी निमूट सोबत आलो असतो कदाचित. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती होडी वळवायला लागली. गावाकडे. माझ्या हातात काठी होती. फटका जोरात नव्हता बसला. पाण्यात पडल्यावर तिने हात वर केला. माझ्या होडीपासून लांब नव्हती. मी उभा राहिलो. हात खाली जाईपर्यंत उभा राहिलो, मग तिची होडी उलटी केली आणि मासे भरले. ते टाकून कसे देणार?"

दारात कपबशा फुटल्या.

६

दुसऱ्या दिवशी त्याला न्यायला होडी आली, तेव्हा सगळं गाव धक्क्यावर होतं. रडत होते ते बरेचसे त्याच्यासाठीच रडत होते. एक म्हातारा आमिंताच्या पायांपाशी थुंकला.

बेड्या घातलेला गुमेर्सिंदो होडीशी थांबला आणि वळला. "फेर्मिन. मी दोन वर्षांत अंदाजे किती मासा काढला ते काल तुला सांगितलं. तुझ्या यंत्रात घातलंस?"

फेर्मिनने मान हलवली.

"मग? रेघा जुळल्या?"

"जुळल्या. तिचा हिशेब अगदी बरोबर होता."

"आणि मी हात लावला नसता तर?"

फेर्मिनने आमिंताकडे पाहिलं. आमिंताला त्याला गप्प बसवता आलं असतं. तिने मनात शब्दही जुळवले, आणि मग ती नदीकडे बघू लागली.

"तर मागच्याच पुरात तळं भरलं असतं," फेर्मिन म्हणाला. "तेव्हाच बंदी उठवता आली असती. गावाला पुरून उरेल एवढा मासा होता."

गर्दीतला रडण्याचा आवाज थांबला. मागचा पूर कुणाला आठवत नव्हता? तो ओसरल्यावर ओनेइदाचा नवरा डोंगरात गेला होता. ती पुढेच उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले, तसा तिने पदरासारखा खांद्यावर घेतलेला पंचा घट्ट ओढून घेतला. गुमेर्सिंदोनेही तिच्याकडे पाहिलं.

बाउदिलियोने घसा खाकरला. "झालं ते झालं. आता तरी तळं उघडा. आहे तेवढं मारून घेऊ. पोरं काय हवा खाणार?"

"आता उघडलं तर पुन्हा कधीच भरणार नाही," फेर्मिन म्हणाला. "अजून एक पूर जाऊ द्यावा लागेल."

"कोण म्हणतं? तुझी डबी?"

"ती म्हणत होती," ओनेइदा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण धक्क्याच्या टोकापर्यंत गेला. "दोन वर्षं खरं बोलत होती ती, आणि मी तिला मर म्हणाले. आता हात वर करून काय ते ठरवा. तळं बंद ठेवायचं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. मी मोजते."

तिने आधी स्वतःचा हात वर केला. बराच वेळ तो एकटाच होता. मग त्या थुंकणाऱ्या म्हाताऱ्याचा वर गेला. मग मागे कडेवर पोर घेतलेल्या एका बाईचा. मग इकडे एक, तिकडे एक. बाउदिलियो हाताची घडी घालून उभा होता. त्याच्या बायकोने त्याच्याकडे न बघता हात वर केला.

ओनेइदा रांगेने मोजत निघाली. मोजत मोजत धक्क्याच्या टोकाशी, होडीपाशी आली. तिथे गुमेर्सिंदो उभा होता. बेड्यांमुळे त्याला एक हात वर करता येत नव्हता, म्हणून त्याने दोन्ही केले होते.

ती त्याच्यापुढे थांबली. मग त्याला न मोजता पुढच्या माणसाकडे वळली.